चौथीच्या मागे

१

शाळेचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं ते केवळ अक्षरामुळे. कचेरीत असताना साहेबलोकांच्या निरोपाची भाषणं मीच लिहून द्यायचो. ज्याच्या बदलीसाठी सगळी कचेरी देव पाण्यात घालून बसलेली असे, त्याच्या जाण्याने कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाल्याचं मी वळणदार अक्षरात लिहीत असे. तेव्हा एका खोलीच्या शाळेला निरोप द्यायला माझ्याहून लायक माणूस कोण मिळणार?

निवृत्तीनंतर आम्ही हिच्या माहेरगावी येऊन राहिलो. म्हातारपणी घरजावई झालेला माणूस गावाला करमणुकीला बरा पडतो. शेंबडी पोरंही मला ‘जावईबापू’ म्हणतात आणि मी मुकाट्याने ओ देतो.

हिचा धाकटा भाऊ पिठाची गिरणी चालवतो. एका सकाळी तो भुवयांवर पीठ घेऊन आला.

“भाऊजी, शाळा पाडायचं ठरलं. पोरंच उरली नाहीत. आहेत ती गाडीने मोठ्या गावच्या शाळेत जातात. पाडायच्या आधी जुन्या विद्यार्थ्यांना एकदा त्या खोलीत बसवू म्हणतो. तुम्ही शाळेचा इतिहास लिहा आणि तुम्हीच वाचून दाखवा.”

“अरे, मी त्या शाळेत शिकलेलो नाही.”

“म्हणून तर. शिकलेल्यांपैकी कोणी तयार होईना.”

मी विनोद समजून हसलो. ही भिंतीशी बसून भाजी निवडत होती. ती कायम भिंतीला पाठ लावूनच बसते. दवाखान्यात भिंतीकडची जागा नसेल तर उभी राहते. माहेरची सवय म्हणून मी कधी चौकशी केली नाही.

“दुसरं कोणी बघ ना रे,” ती भावाला म्हणाली.

“ताई, दुसरं कोण आहे?”

ती उठली आणि माझ्यासमोर चहा ठेवून गेली. चहा हवासा वाटतोय हे मला त्या क्षणी कळलं. आमच्या संसारात हे असंच चालत आलं आहे. तिला काही सांगावं लागत नाही आणि तीही काही विचारत नाही. मनकवडी बायको म्हणून चारचौघांत मी तिला मिरवत आलो.

२

शाळेचं दप्तर वाळवीने खाल्लेलं निघालं. त्या शाळेत इतका कसून अभ्यास दुसऱ्या कोणी केला असेल असं वाटत नाही. तेव्हा इतिहास माणसांकडूनच गोळा करणं भाग होतं.

आधी खोली पाहून आलो. लांबट खोली, पत्र्याचं छप्पर, पुढच्या भिंतीवर रंगवलेला फळा, एका अंगाला खिडक्या. जमिनीवर आडव्या चार पट्ट्या अंथरलेल्या. फळ्याजवळची पहिलीची, मग दुसरी, तिसरी, आणि मागच्या भिंतीला टेकून चौथीची. पोरगं पास झालं की एक पट्टी मागे सरकायचं. चौथी संपली की शाळा संपली.

एक गोष्ट खटकली. मास्तरांचं टेबल वर्गाकडे तोंड करून नव्हतं. ते खिडक्यांकडे वळवलेलं होतं. कोणी झाडताना सरकवलं असेल म्हणून वाकून पाहिलं, तर पायांच्या जागी जमिनीत खळगे पडलेले. टेबल वर्षानुवर्षं तसंच असणार.

माझा पहिला साक्षीदार गावचा म्हातारा पोस्टमन. निवृत्त झाला तरी सायकल सोडलेली नाही, आता ती हातात धरून चालतो.

“एका मास्तराला चार वर्ग कसे आवरायचे?” मी विचारलं.

“आवरायचं काय त्यात? मास्तर एका वर्गाला शिकवायचे, बाकीचे आपापलं मोठ्याने म्हणायचे. आमचे कान मागे असायचे, जावईबापू. मी पहिलीत होतो तेव्हाच दुसरीच्या कविता पाठ. मागून ऐकून! दुसरीत तिसरीचे पाढे. आम्हाला वेगळं शिकावं लागलंच नाही. पुढच्या वर्षीचं आधीच कानावरून गेलेलं असायचं. नुसतं मागे सरकायचं.”

“वा! ही पद्धत छान आहे.” मी लिहून घेतलं. “म्हणजे तिसरीत चौथीचं.”

“आणि चौथीत पुढचं.”

पेन थांबलं. “पुढचं कुठलं? शाळा तर चौथीपर्यंतच.”

“हो ना.”

“मग चौथीच्या मागे कोण बसायचं?”

पोस्टमनने सायकलची घंटी अंगठ्याने पुसली. “मागे वळून बघायचं नाही, हा एकच नियम होता शाळेत. आम्ही पाळला. आमच्या वेळी पोरं ऐकायची हो.”

“आणि त्या पुढच्यात काय असायचं?”

“मला? पत्ते.” तो सहज म्हणाला. “नोकरी लागली, पहिल्या दिवशी थैली घेऊन निघालो, तर सगळी घरं ओळखीची. जी तेव्हा बांधलेलीही नव्हती, तीसुद्धा पुढे एकेक करून ओळखीचीच निघाली.”

३

माझी थट्टा चालली आहे हे उघड होतं. सासुरवाडीच्या माणसांनी जावयाची थट्टा करावी यात वावगं काही नाही. फक्त तिला वयाची मर्यादा असावी एवढंच.

मग मी एकेकाला गाठू लागलो. ज्यांचं एकमेकांशी पटत नाही अशांना मुद्दाम वेगवेगळं गाठलं. बांधावरून भांडणारे दोन चुलतभाऊ, शिंपीणबाई, एक पेन्शनर फौजदार. सगळ्यांनी तेच सांगितलं, आणि सांगताना आवाज तेवढा खाली आणला. चौथीत मागून ऐकू यायचं. वळून पाहिलं नाही.

कचेरीत चौकशीची कागदपत्रं मी खूप हाताळली आहेत. खरे साक्षीदार एकमेकांना खोडून काढतात. एकाला गाडी लाल दिसते, दुसऱ्याला गाडीच दिसत नाही. साक्षी तंतोतंत जुळल्या की समजावं, माणसं पढवलेली आहेत.

“कोणी पढवलं रे सगळ्यांना?” मी गिरणीत जाऊन मेव्हण्याला सरळच विचारलं.

पट्टा फिरत होता. त्याने गिरणी बंद केली. एकदम शांत झाल्यावर तो शर्टाच्या बाहीने तोंड पुसत म्हणाला, “भाऊजी, हा पट्टा एकदा तुटला होता. त्याच्या आधी जरासा वेगळा वाजला. गिऱ्हाइकाला कळलंही नाही. मी हात काढून घेतला. तो आवाज मला कसा ठाऊक होता, तुम्हीच सांगा.”

“कारागिराचा कान.”

“गिरणी टाकून तेव्हा आठवडाही झाला नव्हता.” तो हसला नाही. “चौथीत महिनाभर मागून तेच चाललं होतं. टक, टक, सर्र... टक, टक, सर्र. मला वाटायचं, हा कसला धडा!”

“आणि तुझ्या ताईला काय ऐकू यायचं?”

“ते तिने कोणाला सांगितलं नाही. आईलासुद्धा नाही.” त्याने पुन्हा गिरणी चालू केली. आता बोलणं शक्य नव्हतं, आणि बहुतेक ती चालू करण्यामागचा हेतूही तोच होता.

४

मला एक सोपा मुद्दा सुचला. पोरांनी वळून पाहिलं नाही, ठीक. पण फळ्याशी शिकवताना मास्तरांचं तोंड तर मागच्या भिंतीकडेच असणार.

शाळेत मास्तर टिकत नसत. सगळ्यांत जास्त टिकल्या त्या शेवटच्या बाई. गावाच्या टोकाला एकट्या राहतात. जाड भिंगांचा चष्मा, आवाज अजून वर्गातला.

“बाई, टेबल खिडकीकडे का?”

“उजेडासाठी. लिहा.”

“पण तिथून ऊन थेट डोळ्यांवर येतं.”

“हो.”

“डोळे दिपतात.”

“दिपले की बरं असतं,” बाई म्हणाल्या. “अक्षर चांगलं आहे हो तुमचं. ठळक. माझ्यासारखीलाही वाचता येईल.”

मी विषय सोडला नाही. “बाई, तुम्ही एवढी वर्षं टिकलात, बाकीचे पळाले. असं का?”

त्यांनी चष्मा काढला आणि पदराने पुसत बसल्या. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे लहान आणि उघडे पडल्यासारखे दिसत होते.

“वर्गात शिरताना मी हा काढून ठेवायचे. समोर नुसता रंगांचा गोळा. पहिलीचा गोळा, दुसरीचा गोळा. किती रांगा आहेत ते मोजायच्या भानगडीत पडले नाही. आधीच्या मास्तरांची दृष्टी चांगली होती, बिचाऱ्यांची.”

मी निघालो तेव्हा दारापर्यंत आल्या. “भाषण तुम्ही वाचणार ना? मान खाली घालून वाचा. आणि टेबलाला हात लावू नका.”

बाईही त्यांना सामील आहेत, अशी नोंद मी मनात केली. वाटेत मात्र एकदा थांबून, मागे कोणी येतंय का ते पाहिलं. कोणी नव्हतं. मी पाहिलं याचाच राग आला.

५

भाषण तयार झालं. मी ते मोठ्याने वाचून बघत होतो. ही पलीकडे भिंतीला टेकून बसली होती. पान उलटताना सहज वर पाहिलं तर तिचे ओठ हलत होते. माझ्याबरोबर. शब्दाला शब्द.

“माझे कागद वाचलेस वाटतं?”

“नाही.”

बायकोवर अविश्वास दाखवायची ही पद्धत नव्हे हे मला मान्य आहे. तरी दुसऱ्या दिवशी मी एका परिच्छेदातले शब्द बदलले, कागद खिशात घालून हिंडलो, आणि दुपारी वाचायला बसलो. बदललेल्या जागी आलो. तिचे ओठ बदललेले शब्दच म्हणत होते.

मी वाचायचा थांबलो. ती थांबली नाही. माझ्यापुढे अर्धं वाक्य जाऊन मग तिच्या लक्षात आलं आणि तिने तोंडावर पदर धरला.

“काय चाललंय हे?”

तिने पदर खाली घेतला. मग म्हणाली, “मी चौथीत ऐकलंय हे सगळं. मागून. तेव्हा कळायचं नाही, कोणाचं भाषण, कसली शाळा. पण रोज तेच. चहा कधी हवा, तुम्ही कधी चिडणार, कधी आजारी पडणार, तेही त्यातच. माझं सगळं झालंय ऐकून.” तिने माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. “शेवटी एक वाक्य आहे ना? ‘या शाळेतून गेलेला प्रत्येक जण आज येथे हजर आहे.’”

ते वाक्य होतं. त्याच सकाळी घातलं होतं आणि तिच्यासमोर एकदाही वाचलेलं नव्हतं. अगदी माझ्या ठेवणीतलं वाक्य. निम्मे विद्यार्थी वर गेलेले, काही परगावी, हजर कुठले? पण निरोपाच्या भाषणात असं काहीतरी लागतं. लोक रुमाल काढतात.

“त्याच्या पुढे काय आहे?” मी विचारलं.

“ठाऊक नाही. तिथेच घंटा झाली आणि माझी चौथी संपली.” तिने माझी बाही धरली. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. “अहो, ते वाक्य काढा.”

मी तिच्यादेखत त्यावर काट मारली. एकदा नाही, कागद फाटेपर्यंत.

“आणि तू येऊच नकोस समारंभाला.”

“नाही आले तर माझी जागा रिकामी दिसेल,” ती म्हणाली. तिला ते फार वाईट वाटत होतं, एवढंच मला तेव्हा कळलं.

६

समारंभ दुपारी होता. खोलीत लख्ख ऊन.

सगळे म्हातारे चौथी होऊन बाहेर पडलेले, तेव्हा मानाने त्यांनी चौथीच्या पट्टीवर बसायला हवं होतं. पण पहिलीच्या पट्टीसाठी जी झोंबाझोंबी झाली ती पुढाऱ्यांच्या सभेतही होत नाही. फौजदार आपल्या गुडघ्यांचं कारण सांगून पुढे घुसले. शिंपीणबाईने पोस्टमनला कोपराने ढोसलं. “सरका की जरा, पत्रं वाटायची नाहीत आता!” तिसरीची पट्टीसुद्धा भरली. हिला कोणाला ढोसायची सवय नाही. ती एकटी चौथीच्या पट्टीवर गेली आणि भिंतीला पाठ घट्ट लावून बसली.

बाई आल्या नव्हत्या.

मी टेबलाशी गेलो. खिडकीतून ऊन तोंडावर येत होतं, कागद दिसेना. शिवाय वाकडं टेबल मला बघवत नाही. कचेरीत चपराशाला त्यावरून किती बोललो असेन. मी ते उचलून सरळ केलं, वर्गाकडे तोंड करून. पाय खळग्यांतून बाहेर आले. पुढच्या रांगेतली कुजबुज बंद झाली. मेव्हणा अर्धवट उठला आणि परत बसला.

मी मान खाली घालून वाचू लागलो. बाईंनी सांगितलं म्हणून नव्हे, माझी पद्धतच ती आहे. शाळेची स्थापना, पत्र्याचं छप्पर, पद्धतीचं कौतुक. लोक हसले तिथे हसले. शेवटचं पान आलं. काट मारलेल्या जागेशी आलो, ती ओलांडली, आणि पुढच्या ‘धन्यवाद’साठी श्वास घेतला.

त्या श्वासाएवढ्या जागेत खोलीच्या मागून आवाज आला. वर्गाने एका सुरात धडा म्हणावा तसा, शेवटचा शब्द लांबवत.

या शाळेतून गेलेला प्रत्येक जण आज येथे हजर आहे.

समोरच्या तीन रांगांतली एकही मान वळली नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. इतके ताठ, की मानेच्या शिरा दिसत होत्या. तेव्हा मी वर पाहिलं.

भिंत होती. ती जागच्या जागी होती हे मी शपथेवर सांगेन. फक्त हिची रांग शेवटची नव्हती. हिच्या मागे विंचरलेली डोकी होती, आणि त्यांच्या मागे होती, आणि सगळ्यांची तोंडं नुकतीच मिटलेली. ही माझ्याकडे बघत होती. घाबरलेली दिसत नव्हती. उत्तर येत असून बाईंनी विचारलं नाही तर एखादी मुलगी कशी बघते, तशी. तिच्या पाठीला काहीही टेकलेलं नव्हतं.

मेव्हण्याने धावत बाहेर जाऊन घंटा वाजवली. सगळे उठले. कोणाचे गुडघे दुखले नाहीत. ही सगळ्यांत शेवटी बाहेर आली.

७

घरी आल्यावर ती खोलीच्या मधोमध बसली.

संध्याकाळी ती दारात येऊन म्हणाली, “चहा घेणार का?”

वरकरणी हा साधा प्रश्न आहे. घरोघरी विचारतात. आमच्या घरात तो मी पहिल्यांदाच ऐकला, आणि नुसती मान हलवली.

“साखर किती घालू?” तिने विचारलं.

याचा उलगडा मला सहज करता येतो. तिचं ऐकलेलं सगळं त्या वाक्याशी संपलं. यापुढचं तिला ठाऊक नाही. म्हणून ती विचारते. चार बायकांसारखी झाली, बरं झालं. भिंतीची भीतीही गेली. प्रत्येक मुद्दा दुसऱ्याशी नीट जुळतो. आणि साक्षी जुळल्या की काय समजावं ते मी वर लिहिलंच आहे.

८

काल सकाळी मी शाळेकडे गेलो. पाडायचं काम लांबलंय. मजूर मिळत नाहीत असं मेव्हणा सांगतो आणि माझ्याकडे बघत नाही. दाराला कुलूप होतं. खिडक्या आतून लावलेल्या. मी वळसा घालून मागच्या भिंतीशी गेलो. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून, म्हातारपणी शोभत नाही ते केलं. भिंतीला कान लावला.

आधी काही नाही. मग कुजबुज, पुष्कळ तोंडांची, पाठांतराची. मग त्यातला एकच आवाज वर आला. धडा म्हणणारा. सकाळी उठल्यावर हिचा घसा जरा बसलेला असतो. कित्येक वर्षं सकाळी मी पहिला जो ऐकला तो आवाज.

“कुठे गेला होतात?”

“जरा पाय मोकळे करून आलो.”

“इकडे बघा ना जरा.”

आणि पुन्हा पहिल्यापासून. तीनच वाक्यं. मी हाक मारली. तिचं नाव घेऊन मी कधी हाक मारत नाही, काल मारली. पाठांतर थांबलं नाही. वर्गात थांबत नाहीत.

मी घरी आलो. ती खोलीच्या मधोमध बसली होती.

“कुठे गेला होतात?” तिने विचारलं.

मी तोंड घट्ट मिटून धरायचं ठरवलं होतं. वाटेत दहादा ठरवलं होतं.

“जरा पाय मोकळे करून आलो,” मी म्हणालो.

मग मी वळलो नाही. सरळ माझ्या टेबलाशी आलो, ते उचलून खिडकीकडे तोंड करून ठेवलं आणि लिहायला बसलो. कालपासून इथेच आहे. ऊन डोळ्यांवर येतं. बाई म्हणाल्या ते खरं, दिपले की बरं असतं. तिसरं वाक्य तिने अजून म्हटलेलं नाही. मध्ये दोनदा चहाचं विचारून गेली. मी मान न वळवता नको म्हणालो. मेव्हण्याला निरोप धाडला आहे की ती भिंत कोणाला पाडू देऊ नकोस. माझी ही त्या बाजूला आहे.

आता मागे चटई ओढल्याचा आवाज आला. ती माझ्या पाठीशी येऊन बसली आहे. मी लिहितोच आहे.